वनमंत्री साहेब, भरतीच्या वेळी फ्लेमिंगोंनी उभं कुठे राहायचं?

मा. वनमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी नवी मुंबईत नेरूळला राहतो, पक्षीतज्ज्ञ वगैरे नाही, रोज सकाळी चालायला जाणारा माणूस. आमच्याकडे भिंतींवर फ्लेमिंगो, चौकात फ्लेमिंगो, शहराचं नावच फ्लेमिंगो सिटी करून टाकलंय. (खरी फ्लेमिंगो सिटी कच्छच्या रणात आहे, तिथे ते चिखलाचे बुटके ढीग करून त्यावर अंडी घालतात, आपल्याकडे फक्त जेवायला येतात.)

आणि जेवणाचीच तर गंमत आहे. हा पक्षी डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत ओढतो, बाहेर फेकतो आणि बारीक शेवाळ तेवढं गाळून घेतो, गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं करड्या रंगाची असतात, परवा एक करडं पोर मोठ्यांच्या मागे मागे फिरताना दिसलं, अगदी त्यांच्यासारखंच डोकं उलटं करून.

तर मुद्दा असा की हे खाणं ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर असतं. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि हे थवेच्या थवे उडून सीवूड्स-नेरूळच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य केलंत, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, छानच झालं, पण तळी त्या हद्दीच्या बाहेर राहिली. म्हणजे जेवणाचं ताट सांभाळलं आणि बसायचा पाट काढून घेतला.

एप्रिल २०२४ आठवतोय ना? सीवूड्सच्या तळ्यात खाडीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या, तळं सुकलं, दहाच्या आसपास फ्लेमिंगो गेले. मी स्वतः पाहिलंय, भेगा पडलेली जमीन आणि त्यात चिकटलेली गुलाबी पिसं. मे महिन्यात घाटकोपरला विमानाला धडकून जवळपास ४० गेले ते वेगळंच.

२०२५ मध्ये सीवूड्सच्या त्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायचं ठरलं, त्याबद्दल मनापासून आभार. पण साहेब, बोर्ड लावून तळ्यात पाणी येत नाही हो. पाण्याच्या वाटा उघड्या आहेत की नाही हे प्रत्येक उधाणाला कुणीतरी जाऊन बघायला हवं, आणि बाकीच्या तळ्यांचंही असंच काहीतरी करा, नाहीतर एकाच तळ्यावर सगळे कसे मावणार.

एखाद्या पौर्णिमेच्या भरतीला स्वतःच या, ताफा न आणता. बूट नका घालू, चिखल आहे.

आपला,
नेरूळचा एक रहिवासी