सम्राज्ञी कोम्योची औषधांची यादी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतला जपानच्या सम्राज्ञी कोम्योवरचा (७०१–७६०) लेख वाचला. हजार जणांना स्वतः न्हाऊ घालण्याचा तिचा पण, हजारावा आलेला महारोगी आणि तोच बुद्ध निघाला, ही कथा लेखकाने छान रंगवली आहे. पण ती तिच्यानंतर कित्येक शतकांनी लिहिली गेलेली आख्यायिका. तिच्या हयातीतला कागद तेव्हाच्या राजधानीत, नारा इथे शाबूत असताना त्याचा लेखात उल्लेखही नसावा?

पती सम्राट शोमु ७५६ मध्ये वारले. एकोणपन्नासाव्या दिवशी कोम्योने त्यांच्या सहाशेहून अधिक वस्तू तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाला अर्पण केल्या. सोबत साठ औषधे, वेगळ्या यादीसह. यादीत प्रत्येकाचे माप आहे. ज्येष्ठमध, दालचिनी, रेवाचिनी आणि चक्क आपला हिरडा, मिरी, पिंपळी! माझा जन्म औषधाच्या दुकानात गेला, त्यामुळे असा स्टॉक लिहिणाऱ्या बाईबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा वाटतो. शिवाय हा माल नुसता देवापुढे ठेवायचा नव्हता. आजाऱ्याला गरज पडली तर भिक्षुसंघाच्या अधिकाऱ्यांना कळवून तो न्यावा, असे यादीअखेर स्पष्ट लिहिले आहे. न्यायचेही, काढून दिल्याच्या नोंदी आहेत. उरलेल्यातले काही तोदाइजीच्या शोसोइन कोठारात आजही आहे. गरिबांसाठी औषधालय तर तिने ७३० मध्येच उघडले होते.

दुसरी गोष्ट. लेखातली कोम्यो निव्वळ करुणामूर्ती आहे. प्रत्यक्षात राजवंशाबाहेरून सम्राज्ञीपदाला पोचलेली ती पहिली, फुजिवारा घराण्याची लेक. ७२९ च्या आरंभी त्या घराण्याच्या वाटेतला राजपुत्र नागाया याच्यावर राजद्रोहाचा आळ आला, त्याला आत्महत्या करावी लागली, आणि त्याच वर्षी ती सम्राज्ञी झाली. आळ खोटा होता, हे पुढे दरबारी इतिहासातच नोंदले गेले. तिचा त्यात किती हात होता हे कुणी सांगू शकत नाही, पण प्रकरण गाळून चरित्र लिहिता येत नाही. आठ वर्षांनी देवीच्या साथीत तिचे चारही भाऊ गेले. तरीही ७४४ मध्ये स्वहस्ते उतरवलेल्या एका चिनी लेखाच्या प्रतीखाली तिची सही आहे ती ‘फुजिवारांची तिसरी मुलगी’ अशी.

नारा राष्ट्रीय संग्रहालयात दर शरदात शोसोइनमधल्या वस्तूंचे प्रदर्शन भरते. जपानला जाणाऱ्या वाचकांनी तेव्हाचा बेत आखावा. मात्र दरवर्षी निवडकच वस्तू मांडतात, औषधे दिसतीलच असे नाही.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, सांगली