लॉगिनची यादी नीट वाचा

संपादक महोदय,

अनेकांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवरून फाइल उडाली की पहिला प्रश्न हाच, 'तेव्हा लॉगिन कोण होतं?' लिनक्सवर मग लॉगिनची यादी दाखवणारी 'लास्ट' कमांड चालवतात आणि यादीत नाव दिसेल त्याला धरतात. यादी वाचण्यात मात्र हमखास चुका होतात.

'लास्ट' ही डब्ल्यूटीएमपी नावाची, लॉगिन-लॉगआउटच्या नोंदींची फाइल वाचते. यादीची सगळ्यात खालची ओळ आधी पाहावी. नोंदी कधीपासूनच्या आहेत ते तिथे असतं. अनेक मशीनवर लॉगरोटेट हा नोंदींच्या फाइल बदलणारा प्रोग्राम दर महिन्याला नवी फाइल सुरू करतो, त्यामुळे फाइल बदलल्यावर लगेच पाहणाऱ्याला कालचंही काही दिसत नाही आणि 'कोणी आलंच नव्हतं' असं ठरून जातं. जुनी फाइल शेजारीच, नावापुढे 'डॉट वन' लागून असते. 'लास्ट'च्या लहान एफ (-f) पर्यायापुढे तिचं नाव दिलं की ती वाचता येते. मोठा एफ दिला तर वर्षही दिसतं, एरवी ते नसतंच. वापरकर्त्याचं नाव आठ अक्षरांवर कापलं जातं. सारखी सुरुवात असलेली दोन खाती असतील तर डब्ल्यू पर्याय द्यावा, नाहीतर भलताच माणूस अडकायचा.

एखाद्या ओळीच्या शेवटी 'क्रॅश' दिसतं. त्या माणसाने काही बिघडवलं असा त्याचा अर्थ नव्हे. लॉगआउटची नोंद होण्याआधीच मशीन बंद पडलं, इतकंच. शिवाय कंसातला कालावधी पुढच्या बूटपर्यंत, म्हणजे मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत, मोजलेला असतो, मधली रात्रभर मशीन बंद असलं तरी.

आणि यादीत नाव नाही म्हणजे माणूस आला नव्हता, असंही नाही. एसएफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल हाताळण्याच्या सोयीने, फाइल उडवली तर टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडत नाही, म्हणून इथे नोंदही नाही. तेवढ्यापुरते जास्त अधिकार घेऊन कमांड चालवणाऱ्या सुडोचंही तेच. त्यासाठी लिनक्सच्या डेबियन-उबुंटू या प्रकारांवर 'ऑथ डॉट लॉग', रेड हॅटवर 'सिक्युअर' ही फाइल, किंवा 'जर्नलसीटीएल' ही कमांड पाहावी.

फसलेले प्रयत्न 'लास्टबी' दाखवते, पण फक्त रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याला, आणि ते योग्यच आहे. घाईत नावाच्या जागी पासवर्ड टाइप झाला तर तो तसाच्या तसा तिथे उमटू शकतो. ती यादी ग्रुपवर टाकू नये.

डेबियन १३ मध्ये या दोन्ही कमांड नेहमीच्या पॅकेजमधून गेल्या आहेत. जुन्या फाइलमधला वेळेचा आकडा २०३८ मध्ये संपतो, म्हणून तिथे 'लास्ट'च्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी हे वेगळं पॅकेज टाकावं लागतं.

विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, ४६२५ म्हणजे फसलेलं. मात्र 'लॉगऑन टाइप' ३ असेल तर माणूस मशीनपुढे बसलेला नव्हता, नेटवर्कवरून आला होता.

मशीन सांभाळणाऱ्यांनी लॉगरोटेटमधलं 'रोटेट १' (किती जुन्या फाइल ठेवायच्या तो आकडा) बदलून १२ करावं. नेहमीच्या ६४-बिट पीसीवर एक नोंद ३८४ बाइटची असते, त्यामुळे हजार लॉगिन-लॉगआउट मिळूनही एक एमबी भरत नाही. रोज एक प्रत दुसऱ्या मशीनवरही न्यावी, कारण रूटचा पासवर्ड असलेल्याला मूळ फाइल कोरी करायला एक ओळ पुरते.

– एक सिस्टीम ॲडमिन