निरोगी गालातल्या रक्तवाहिन्या कशा मोजतात

नेरुळ

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, "निरोगी तोंडातल्या रक्तवाहिन्या मोजून मिळतं काय?" सुपारीने गाल आखडलेल्या माणसात वाहिन्या कमी झाल्या की वाढल्या, हे निरोगी गालाचा आकडा हाताशी नसेल तर सांगणार कशाच्या जोरावर?

त्यासाठी गालाच्या आतून घ्यायचा तुकडा छोटा, साधारण ५ मिलिमीटरचा. लेखी संमती घेऊन, शक्यतो अक्कलदाढ काढताना घेतलेला. भुलीची सुई मात्र त्या जागेपासून लांब टोचायची. इंजेक्शनातल्या ॲड्रिनॅलिनने वाहिन्या आकसतात, शिवाय औषधाने मांस फुगतं. मग तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिनमध्ये (मांस टिकवणाऱ्या द्रावणात) २४ तास, नंतर मेणाचा ठोकळा, त्यातून ४ मायक्रॉनचे काप. आपल्याकडच्या पावसाळी हवेत काप नीट सुकत नाहीत. ६० अंशांवर तासभर ओव्हनमध्ये ठेवायचा कंटाळा केला, की पुढे गरम बफरमध्ये, म्हणजे रंगवण्याआधी काप ज्या द्रावणात तापवतात त्यात, ते काचेवरून सुटलेच म्हणून समजा.

सीडी३४ नावाची अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनालाच चिकटणारा रेणू) वाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटते आणि तिथे तपकिरी रंग येतो. त्याआधी १० मिनिटं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हवंच, नाहीतर तांबड्या पेशीही तपकिरी दिसतात. तरीही तपकिरी ते सगळं वाहिनी नव्हे. आजूबाजूच्या काही तंतुपेशीही हा रंग घेतात, म्हणून आकार बघायचा.

मोजणीचा नियम १९९१ पासून वाइडनर या पॅथॉलॉजिस्टचा चालतो: शेजारच्यापासून सुटी दिसणारी तपकिरी पेशी किंवा पुंजका म्हणजे एक, मधे पोकळी दिसायलाच हवी असं नाही. तो सर्वांत दाट जागा शोधून मोजायचा. कर्करोगाच्या गाठीसाठी ते ठीक. निरोगी गालात तसं केलं तर आकडा उगाच फुगतो. मला ओळीने सलग क्षेत्रं, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे गोल भाग, घेणं पटतं. आणि आई, चकली मधोमध कापली की एकाच वेढ्याची चार-पाच टोकं दिसतात ना, तसंच इथे. नागमोडी केशवाहिनी एकच असते, पण कापात तीनदा मोजली जाते.

सगळ्यात मोठा घोळ "एका क्षेत्रात १२" असं लिहिण्याचा. ४० पटीच्या भिंगाखाली आयपीसचा (डोळ्याजवळच्या भिंगाचा) क्रमांक २२ असेल तर क्षेत्राचा व्यास ०.५५ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ०.२४ चौरस मिलिमीटर. म्हणजे चौरस मिलिमीटरला ५०. क्रमांक १८ असेल तर क्षेत्रफळ ०.१६, आणि त्याच १२ चे होतात ७५! क्षेत्रफळ न दिलेला आकडा मी तरी वापरत नाही. गालाचा आकडा हिरडीलाही लावायचा नाही. वरून गुलाबी दिसणाऱ्या हिरडीतही बारीक सूज असतेच, आणि सुजेत वाहिन्या वाढतात.

रविवारी ठाण्याला येते. चकल्या अख्ख्या ठेव.

तुमची लेक