शब्दाचं नाव होताना

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लघुपटाला एकाच शब्दाचं नाव हवं आणि तो शब्द आपल्या भागातला हवा, हे मला मनापासून पटलं. तू तीन शब्द पाठवलेस: वाट, मळे आणि हलशी हे आपल्याकडचं गाव. शीर्षक-संगीताच्या तुकड्याला 'कानडा' म्हणायचा विचारही लिहिलास. चारही शब्द कानाला गोड आहेत. पण गोड शब्द मिळाला म्हणजे नाव मिळालं असं होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शब्दाचं नाव झालं की नाही, हे ओळखायची खूण आपल्या व्याकरणातच आहे. पोपट पिंजऱ्यात असतो, पण नट 'पिंजरा'मध्ये काम करतो. माणूस गावाला जातो, पण बेळगावला जातो. 'बेळगावाला' कुणी म्हणत नाही. साधा शब्द प्रत्ययापुढे वाकतो, त्याचं सामान्यरूप होतं. नाव झालं की तोच शब्द ताठ राहतो. हा नियम सरसकट नाही. काही जुनी गावं वाकतातच: साताऱ्याला, पुण्यात, मिरजेत. पण नवं नाव ठेवताना ही परीक्षा घ्यावी. शब्दाला ला, चा, त, मध्ये, हून लावून मोठ्यानं बोलायचं आणि त्यापुढे 'पाहिला' म्हणायचं, कारण चित्रपटाचं क्रियापद तेच.

'वाट' इथेच अडते. चित्रपट पुल्लिंगी, म्हणून लोक 'वाट पाहिला' म्हणतील आणि ते कानाला खटकेल. 'वाट पाहिली' म्हणावं, तर माणूस कुणासाठी तरी थांबला होता असा अर्थ होतो. 'वाट लागली' हे तर प्रत्येकाच्या तोंडी आहे. याउलट २००४ चा 'श्वास' घे. श्वास घेतात, सोडतात, रोखून धरतात, पण श्वास कुणी पाहत नाही. त्यामुळे 'श्वास पाहिला' म्हटलं की चित्रपटच. शब्दाला कोणती क्रियापदं आधीच चिकटलेली आहेत, हे तपासल्याशिवाय तो पोस्टरवर नेऊ नये. शिवाय 'वाट' कन्नड लिपीत लिहिताना शेवटच्या अक्षराला हलन्त द्यायला विसरलास, तर कन्नड वाचणारा शेवटचा अ पूर्ण उच्चारणार आणि ऐकणाऱ्याला ते 'वाटा' वाटणार.

'मळे'ची अडचण वेगळी. आपल्याला त्यात ऊस, तंबाखू आणि विहिरीवरची मोट दिसते. कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. शेवटचा ए ऱ्हस्व, बाकी सगळं तेच. सीमाभागात असे शब्द पावलोपावली आहेत. आपली केळी त्यांच्याकडे 'ऐका' होतात, आपले हाल त्यांच्याकडे दूध होतं. तुझ्या गोष्टीत पाऊस असता तर हा दुहेरी अर्थ फार सुंदर ठरला असता. पण तू लिहिलेल्या कथेत दुष्काळ आहे. अर्धे प्रेक्षक पावसाची अपेक्षा घेऊन बसतील आणि शेवटपर्यंत तो येणार नाही. हा शब्द सोड.

आता हलशी. या शब्दावर माझा जीव आहे, म्हणून त्याच्याबद्दल जास्त लिहितो. कन्नड जाणणारा कुणीही ऐकून सांगेल की हलसु म्हणजे फणस, तेव्हा हे फणसाचं गाव. खानापूरकडच्या जंगलाचा भाग, त्यामुळे ते पटतंही. पण कदंब राजांच्या ताम्रपटांत या गावाचं नाव पलाशिका आहे. म्हणजे झाड पळसाचं. कन्नडमध्ये साधारण दहाव्या शतकापासून शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' होत गेला. जुनं पाल् म्हणजे दूध, ते आज हालु. जुनं पंदि म्हणजे डुक्कर, ते आज हंदि. पलाशिकेचा 'प' त्याच ओघात गेला. आजच्या उच्चारावरून गावाचा अर्थ सांगायला गेलं की असा पळसाला फणस लागतो. ताम्रपट, शिलालेख असं जुनं लिखित रूप हाती असल्याशिवाय व्युत्पत्ती छापू नये, आणि लघुपटाच्या निवेदनात तर मुळीच घालू नये.

या पंदि-हंदिवरून आठवलं. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चं नाव कैकाडी भाषेतलं, अर्थ डुक्कर. कैकाडी तमिळच्या जवळची, आणि तमिळमध्ये डुकराला पन्रि म्हणतात. म्हणजे आपल्याकडे रोज ऐकू येणारा हंदि आणि पोस्टरवरचा फँड्री एकाच घरातले. एकाचा ओठांवरचा आवाज गेला, दुसऱ्याचा टिकला. ते नाव लागू पडलं, कारण बहुतेक मराठी प्रेक्षकांकडे त्या शब्दाला अर्थच नव्हता. तो चित्रपटानं दिला, आणि वस्तीतल्या लोकांना तो आधीपासून बोचत होता. मंजुळे यांच्याच 'सैराट'चं उलट आहे. शब्द मराठी कानाला ओळखीचा, सुसाट सुटलेला. पण २०१७ मध्ये त्याचं कन्नड रूप आलं ते 'मनसु मल्लिगे' या नावानं. एकाच शब्दात सगळा जोर असला की तो शब्द भाषेची हद्द ओलांडताना मागे राहू शकतो. तुला दोन्हीकडचा प्रेक्षक हवा आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

बेळगावचंही असंच. कोरीव लेखांत वेणुग्राम. वेणू म्हणजे बांबू, आणि आपला वेळू हा शब्द अजून जिवंत आहे. हिंदीत त्याचं बेलगाम झालं आणि अर्थ लगाम नसलेला असा भलतीकडेच गेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावि आहे, कारण कन्नड शब्दाला शेवटी स्वर टेकायला लागतो. रेल्वेचा कोड मात्र बीजीएमच राहिला. श्रेयनामावलीत कोणतं रूप घालायचं ते आधी ठरव आणि सगळीकडे एकच ठेव. कंग्राळी या जोडगावांबाबतही तेच. बुद्रुक आणि खुर्द हे मोठं आणि लहान या अर्थाचे फारसी शब्द, आता पाट्यांवर बी.के. आणि के.एच. एवढेच उरलेत. चित्रीकरणाची ठिकाणं लिहिताना शब्द पूर्ण लिही.

संगीताच्या तुकड्याला कानडा म्हणू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. शब्द अभिमानाचा आहे: कर्णाट, मग कानडा. देशाचं नाव रागाला मिळालं, जसं मुलतानचं मुलतानीला आणि जौनपूरचं जौनपुरीला. पण रागाचं नाव हे वचन असतं. कानडा म्हटलं की जाणकार कोमल गंधाराची, 'नि प' संगतीची आणि 'ग म रे सा' अशा वळणानं उतरण्याची वाट बघणार. तुझ्या धुनेत, तू लिहिलेल्या स्वरांवरून, शुद्ध गंधार आहे. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, १९२४ चा. त्यांनी नव्या रागांना 'मधसुरजा', 'लगनगंधार' अशी नवी नावं दिली. जुन्या नावावर नवा स्वर लादला नाही. तूही धुनेला तिचं स्वतःचं नाव दे. आणि गावाचं नाव संगीतात गेलं की मूळ अर्थ किती झाकला जातो, ते किराणा घराण्यात बघ. आपल्याला वाण्याचं दुकान आठवतं, पण ते उत्तरेतलं कैराना गाव. एक बारीक गोष्ट अजून. चित्रपटाचं नाव पुल्लिंगी होतं, रागाचं तसं होत नाही. यमन गायला, पण भैरवी गायली. लेखी मजकुरात ही चूक फार होते.

कायद्याचं थोडक्यात. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलंय. म्हणून निर्मात्यांच्या संघटनेकडे, मराठीसाठी चित्रपट महामंडळाकडे, शीर्षक नोंदवतात. ट्रेडमार्क घ्यायचा असेल तर तो ४१ व्या वर्गात. नोंदणी पोस्टर छापण्याआधी कर. रोजच्या वापरातला शब्द इंटरनेटवर शोधला की भलतंच वर येतं, म्हणून व्हिडिओच्या शीर्षकात नावापुढे 'मराठी लघुपट' आणि साल लिहीच.

माझं मत हलशीला. पण एक अट आहे: गोष्ट खरोखर तिथे घडायला हवी. जिवंत गावाचं नाव घेतलं की भूवराह नरसिंहाचं देऊळ, तिथली माणसं, तिथली बोली यांची अपेक्षा येणारच. गोष्ट दुसरीकडची असेल तर गावाचं नाव उसनं घेऊ नकोस. 'पलाशिका' मोहात पाडेल, पण ते नटवलेलं वाटतं; तुझ्या पात्रांपैकी एकाच्याही तोंडात तो शब्द शोभणार नाही.

नाव ठरलं की फोनवर दोघांना सांग, एक फक्त मराठी वाचणारा, एक फक्त कन्नड. एकदाच उच्चार आणि त्यांना लिहून घ्यायला सांग. कुणी 'हळशी' लिहिलं तर पोस्टरवर अक्षर मोठं आणि सुटं घ्यावं लागेल. आणि कन्नड पोस्टरवर 'हलशी'चं अक्षरांतर करू नकोस. तिकडे गावाचं नाव 'स'नं लिहितात, हलसि. तेच घे, नाहीतर गावातलेच लोक म्हणतील की हे आपलं गाव नव्हे. दोन्ही लिप्यांतला कच्चा आराखडा झाला की पाठवून दे, मी अक्षर न् अक्षर बघतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच
मित्र