कुंडीखालची बशी उचलून दाखवणाऱ्या काकूंना

काकू,

समोर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मुलीच्या पायांवर रोज नव्या गांधी उठायच्या. डास पळवणारी झाडं म्हणून मी तुळस, पुदिना, झेंडू, गवती चहा असं सगळं गॅलरीत आणून मांडलं होतं. रोज मनापासून पाणी घालत होते आणि डास वाढतच होते. त्या दिवशी तुम्ही आलात, तुळशीची कुंडी बाजूला केलीत आणि खालची बशी उजेडात धरलीत. "हे बघ." पेरभरही खोल नसलेल्या पाण्यात दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारख्या अळ्या डोकं खाली, शेपूट वर करून लटकत होत्या. बशी जरा हलली तशा वळवळत तळाशी गेल्या. श्वास घ्यायला त्या पुन्हा वर येणारच, हे तुम्ही सांगितलंत आणि तशा त्या आल्याही. माझ्या अंगावर काटा आला. ज्या झाडांवर मी भिस्त ठेवली होती, त्यांच्याच पायाशी डास वाढत होते.

नुसतं पाणी ओतून भागत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कडा घासायच्याच. मी आता घासणी गॅलरीतच ठेवते.

झाडांबद्दल तुम्ही सांगितलंत ते ऐकून तेव्हा वाईटच वाटलं होतं. वास पानातल्या तेलात असतो, पान चुरगळल्याशिवाय तो पुरेसा बाहेर पडत नाही आणि पडला तरी लवकर उडून जातो. सिट्रोनेला, म्हणजे डास पळवायला वापरतात ते गवती चहासारखं दिसणारं गवत, समजून मी आणलेला तो गवती चहाच निघाला, तेव्हा तुम्ही तुमच्याकडच्या सिट्रोनेलाचा एक ठोंब काढून आणलात आणि त्याचा बुडाशी असलेला तांबूस रंग दाखवलात. माझ्या गवती चहाची बुडं हिरवट पांढरी होती. आता संध्याकाळी गॅलरीत बसताना दोन-चार पाती चुरगळून जवळ ठेवते. पातीची कड हाताला कापते, ते मात्र तुम्ही सांगायच्या आधीच मला कळलं! आणि हो, निव्वळ तेल मुलीच्या अंगाला लावू नकोस, झोपताना मच्छरदाणीच लाव, हे तुमचं बोलणं मी तंतोतंत पाळते.

तुमच्या ठोंबाला भरपूर फुटवे आलेत. एक वेगळा करून कुंडीत लावला आहे, खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाळंतिणीसाठी. कुंडी देणार आहे, बशी देणार नाही.

तुमची,
शेजारीण