मंगळवारी बंडवर जाताना

ती. आई-बाबा,
सा. न.

तुम्ही पोचल्यानंतरच्या मंगळवारी मला ऑफिस आहे, आणि शांघायचा बंड बघायला मंगळवारच बरा. शनिवार-रविवारी संध्याकाळी तिथे इतकी गर्दी उसळते की जवळचं मेट्रो स्टेशन कधीकधी बंद ठेवतात. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री तिथल्याच चेंगराचेंगरीत ३६ माणसं गेली, तेव्हापासून पोलीस गर्दीच्या बाबतीत फार कडक झालेत. त्यामुळे सकाळी तुम्ही दोघांनीच जायचं, संध्याकाळी मी येते. हे पत्र छापून बाबांच्या खिशात असू द्या.

नाव ऐकून दचकू नका. आपल्या बंडगार्डनमधला 'बंड' तोच हा, म्हणजे बांध. आपल्याकडचा 'बंद' साहेबाने उचलला आणि इथल्या नदीकाठालाही चिकटवला. टॅक्सीवाल्याला मात्र तो कळणार नाही, त्याला 'वायथान' म्हणा. तिथे बांध खरोखरच पायाखाली येतो. ह्वांगपू नदीला भरती-ओहोटी आहे, म्हणून काठावर पुराची उंच भिंत बांधली आणि फिरायची जागा त्या भिंतीच्या माथ्यावर केली. एका बाजूला जुन्या इमारती, मधे रस्ता, पलीकडे हा उंचवटा. इमारतींच्या पायथ्याशी उभं राहिलं तर नदी दिसतच नाही, आणि लोक गोंधळतात ते इथेच. वर जायला पायऱ्या आहेत, उतारही आहेत. बाबा, गुडघ्यासाठी उतारच घ्या, थोडं लांब पडलं तरी.

आता उन्हाचं गणित. बंड पश्चिम काठावर आहे, इमारतींची तोंडं पूर्वेला. म्हणजे सकाळचं ऊन थेट दगडी दर्शनी भागावर पडतं, आणि दुपारनंतर त्याच इमारती स्वतःच्या सावलीत काळवंडतात. इमारती बघायच्या तर सकाळी आठ ते अकरा. नोव्हेंबरात इथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो हेही लक्षात असू द्या; पुण्याच्या हिशेबाने 'अजून उजेड असेल' म्हणत बसलात तर अंधारात सापडाल.

सकाळी घरून टॅक्सी मागवून देते. ती उत्तरेच्या टोकाला वायबायदू पुलापाशी सोडेल. बंडच्या मुख्य रस्त्यावर गाडी थांबू देत नाहीत, त्यामुळे चालक मागच्या गल्लीत उतरवेल, वाद घालू नका. पूल १९०७ चा, अख्खा पोलादी. २००८ मध्ये तो उचलून कारखान्यात दुरुस्तीला नेला आणि पुढच्या वर्षी परत आणून बसवला. लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी तिथे सकाळपासून असतात. आई, तुला त्यांचे झगे बघण्यात अर्धा तास जाईल, तो जाऊ दे.

तिथून दक्षिणेकडे, इमारतींच्याच बाजूने चालत या. सारखं रस्ता ओलांडून उंचवट्यावर जाऊ नका, त्यातच पाय दुखतात. कोपऱ्यावर हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची इमारत दिसली की थांबा. हे पीस हॉटेल, मूळचं ससून हाउस, १९२९ चं. होय, तेच ससून. पुण्यात 'ससूनला नेलं' म्हटलं की पोटात गोळा येतो, त्या इस्पितळाला देणगी देणारे डेव्हिड ससून बगदादहून मुंबईत आले आणि व्यापारात मोठे झाले. १८४४ मध्ये त्यांनी एका मुलाला चीनला पाठवलं. मुंबईहून इकडे काय येत होतं? कापड, सूत आणि माळव्याची अफू. डेव्हिडचा पणतू व्हिक्टर ससून याने मुंबईतला पैसा हळूहळू इथे हलवला आणि ही इमारत उभी केली. ससून डॉक, डेव्हिड ससून लायब्ररी, पुण्याचं इस्पितळ आणि हे हॉटेल, सगळं एकाच वंशावळीत बसतं. दानधर्माची पाटी आपल्याकडे लागली, अफूची किंमत इथल्या लोकांनी मोजली. इमारतीचं कौतुक करताना मला हे विसरता येत नाही.

आत शिरताना बिचकू नका. लॉबी बघायला हरकत नसते, आणि त्या भागातलं सगळ्यात स्वच्छ स्वच्छतागृहही तिथेच. बाहेरच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत कागद असेलच असं नाही, भारतीय पद्धतीची भांडी मात्र बऱ्याच ठिकाणी सापडतात. पर्समध्ये टिश्यूचं पाकीट ठेव, आई. शेजारची चौकोनी इमारत बँक ऑफ चायनाची, १९३७ ची. ससूनच्या टोकाहून ती किंचित बुटकी आहे. व्हिक्टरने उंच होऊ दिली नाही, असं सांगतात. समोरच्या फुटपाथवरून दोन्ही माथे एकदम दिसतात, तेव्हा ताडून बघा.

पुढे घड्याळाच्या मनोऱ्याचं कस्टम हाउस, १९२७ चं. घड्याळ इंग्लंडहून आलेलं, पण ताशी वाजते ती धून चिनी क्रांतिगीताची. दहाच्या ठोक्याला तिथे असाल असं बघा. त्याला लागूनची घुमटाची इमारत हाँगकाँग अँड शांघाय बँकेची, १९२३ ची. आता तिथे चिनी बँक आहे. दारात दोन कांस्याचे सिंह, एक डरकाळी फोडणारा, एक तोंड मिटलेला. नशीब उघडावं म्हणून लोक पंजे चोळतात; त्यामुळे पंजे आपल्या देव्हाऱ्यातल्या समईसारखे चकचकीत आणि बाकीचं अंग काळपट. बँकेच्या वेळेत आत गेलात तर घुमटाखाली मान वर करा. रंगीत मोझेइकमध्ये आठ शहरं आहेत, त्यांत कलकत्ताही. मधली कित्येक वर्षं हे सगळं झाकलेलं होतं, १९९७ च्या दुरुस्तीत पुन्हा उघडं पडलं. फोन खिशातच ठेवा, रक्षक फोटो काढू देत नाहीत.

पीस हॉटेलच्या कोपऱ्यापासून निघणाऱ्या नानजिंग रस्त्यावर छान इंग्रजी बोलणारी तरुण मुलंमुली 'आमचा फोटो काढता का' म्हणून येतील आणि मग चहाच्या समारंभाला चला म्हणतील. फोटो काढा, चहाला जाऊ नका. तिथल्या चार घोटांचं बिल हजारांत येतं आणि दारात माणूस उभा असतो.

जेवायला मेट्रोची २ नंबरची लाइन पकडा, एकच स्टेशन, पीपल्स स्क्वेअर. तिथून जवळ नानजिंग पश्चिम रस्त्यावर 'गोंगदलिन' आहे, १९२२ पासूनचं बौद्ध शाकाहारी उपाहारगृह. ताटात बदक किंवा मासा दिसला तर उठू नका. सोयाबीन, पीठ आणि अळंब्यांचीच ती करामत असते. इतरत्र कुठेही 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी, एवढ्यावर विसंबू नका. कांदापातीच्या तेलातल्या साध्या शेवयांतही कधी सुका जवळा, कधी डुकराची चरबी असते. पाणी मात्र सगळीकडे गरमच देतात, आईला हा देश आवडणार.

पैशांसाठी अलीपे या फोनवरून पैसे द्यायच्या अॅपमध्ये बाबांचं व्हिसा कार्ड पासपोर्टसह निघण्याआधीच जोडून ठेवा. इथे आल्यावर बँकेचा ओटीपी वेळेवर येत नाही आणि सगळं अडतं. २०० युआनच्या वरच्या खर्चावर ३ टक्के जादा कापले जातात, म्हणून जेवणाचं बिल मोठं असेल तर नोटा द्या. भारतातल्या सिमचं रोमिंग चालू ठेवा, त्यावर व्हॉट्सअॅप चालतं, इथल्या वायफायवर चालत नाही. गूगलचा नकाशा तर इथे तुम्हाला पलीकडच्या गल्लीत उभं करतो, त्याच्याकडे बघूच नका.

दुपारी घरी येऊन आडवे व्हा. संध्याकाळी सहाला दक्षिण टोकाच्या जिनलिंग पूर्व रस्त्याच्या फेरीधक्क्यावर मी भेटते. हजारो लोक बंडवर उभे राहून पलीकडचे पुडोंगचे मनोरे बघत असतात, ६३२ मीटरचा शांघाय टॉवर वगैरे. आपण उलट करू: फेरीने पलीकडे जाऊन उजळलेला बंड बघू. महागडी पर्यटक बोट नको. साध्या फेरीला माणशी २ युआन पडतात, गर्दीत थोडं उभं राहावं लागतं, पण दोन्ही काठ मिळतात. दिवे दहाच्या सुमारास विझतात, त्याआधी मेट्रोने एका स्टेशनात परत.

नदीवर वारा बोचतो, कानटोपी आणा. बाबा, २ युआनची सुटी नाणी तुमच्याकडे.

तुमची,
ताई