वेशीवरचा पांढरा फोकस

संपादक महोदय, स. न.

जांबोटी रस्त्यावरच्या आमच्या गावात दिवाळीनंतर वेशीच्या खांबावर पांढरा एलईडी फोकस लागला. आधी तिथे पिवळा सोडियमचा दिवा होता. उजेड हवाच, पावसाळ्यात इथे साप-किरडू पायाखाली येतं. माझी तक्रार आहे ती उजेडाच्या रंगाची आणि फोकसच्या तोंडाची. तो रस्त्यावर कमी आणि माझ्या कोंबड्यांच्या शेडवर जास्त पडतो.

मी १६ वर्षं कोंबड्या पाळते. रंग काय करतो हे या धंद्यानेच शिकवलं. पिल्लांची टोचाटोची सुरू झाली की आम्ही मंद लाल दिवा लावतो. त्यात रक्त उठून दिसत नाही, म्हणून बाकीची त्या जखमेवर तुटून पडत नाहीत. रात्री गाडी भरायची तर निळा बल्ब. त्यात कोंबडीला नीट दिसत नाही, हात घातला तरी ती गप्प बसून राहते. अंड्याच्या कोंबडीचं तर आणखी नवल. लाल उजेड तिच्या कवटीतून मेंदूपर्यंत पोचतो, तिथल्या पेशी तो ओळखतात आणि अंड्यावर येण्याचा निरोप तिथून सुटतो. त्यासाठी डोळ्यांचीही गरज नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी मी एक कोंबडी उचलून तिच्या डोक्याकडे बघतच राहिले होते.

निळसर उजेडाचं कामही त्यांनीच समजावलं. आपल्या आणि गुरांच्या डोळ्यांत काही पेशी दिवस की रात्र एवढंच मेंदूला कळवतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड त्यांना सर्वांत जास्त चेतवतो. तो रात्री डोळ्यांत गेला की मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणारं संप्रेरक, कमी होतं, आणि पांढऱ्या एलईडीत हा निळा भाग सोडियमपेक्षा कितीतरी जास्त. म्हैस तर दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारं जनावर. रात्र किती लांबली हे तिचं शरीर मेलाटोनिनवरूनच ओळखतं. शेजारच्या काकांची म्हैस पूर्वी दहाच्या आत बसून रवंथ करायची. आता दावं ताणून भिंतीच्या सावलीत उभी असते. माझा कोंबडा रात्री दोनलाच आरवतो.

सर्वांत जास्त जीव तुटतो तो काजव्यांसाठी. नर उडता उडता चमकतो, मादी झुडपातून चमकून उत्तर देते, तेवढ्यावर त्यांची गाठ पडते. यंदा वळवानंतर ओढ्याच्या बांधावर, फोकसच्या टप्प्यात, एकही दिसला नाही. वळणापलीकडे अंधारात मात्र एक जांभूळ भरून लुकलुकत होतं.

नेदरलँड्समधल्या न्यूकोप गावाने वटवाघळांसाठी रस्त्यावर लालसर दिवे बसवले. आपल्याच खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, तिथल्या बारापेडे गुहेत रॉटनचं दुर्मीळ वटवाघूळ राहतं. मग जंगलाकडेच्या गावांत दिवा बसवताना रंगाचा विचार का होऊ नये?

मी एक अर्ज मराठीत दिला, मग मुलाकडून कन्नडमध्ये लिहून घेऊन दुसरा दिला. उत्तर नाही. मागणी मोठी नाही: पिवळा दिवा, वरून पत्र्याची टोपी, तोंड खाली रस्त्याकडे. टोपीचा पत्रा मी माझ्या खर्चाने द्यायला तयार आहे.

— एक कुक्कुटपालक महिला,
ता. खानापूर, जि. बेळगाव